हेडलाइट न लागणे (दोषनिदान)

स्विच टाकला तरी गाडीचा पुढचा दिवा पेटत नाही, तेव्हा दोष बल्बात आहे, फ्यूजमध्ये, रिलेत (स्विचच्या छोट्या करंटवर दिव्याचा मोठा करंट जोडणारी डबी), स्विचमध्ये, वायरिंगमध्ये की अर्थिंगमध्ये (करंटची बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट) हे क्रमाने शोधून काढायची पद्धत. बल्ब कसा बदलायचा ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं म्हणून इथे घेतलेलं नाही. नवा बल्ब बसवूनही दिवा लागला नाही तर पुढे काय, हा या नोंदीचा विषय.

मोटारीवर विजेचा दिवा नेमका कधी आला याबद्दल दोन मतं सापडतात. एक मत १८९८ च्या कोलंबिया इलेक्ट्रिक कारकडे बोट दाखवतं, तिच्यावर असे दिवे जादा पैसे देऊन मिळत. पण त्या काळातली फिलामेंट रस्त्याच्या हादऱ्यांना टिकत नसत आणि गाडीवर बसेल असा लहान तरी दमदार डायनॅमोही सहज मिळत नव्हता, म्हणून अॅसिटिलीनचे (कार्बाइडवर पाणी पडून निघणाऱ्या गॅसचे) दिवे पुढे बरीच वर्षं चालू राहिले. दुसरं मत १९१२ च्या कॅडिलॅकपासून मोजतं, जिच्यात स्टार्टर, इग्निशन आणि दिवे एकाच विद्युत यंत्रणेवर आले. निदानापुरतं बोलायचं तर दुसरं मत जास्त सोयीचं, कारण त्याआधी दिवा का लागत नाही हा प्रश्न बहुतेक वेळा कार्बाइड आणि पाण्याचा असायचा. एकाच बल्बात अप्पर (लांबचा उजेड) आणि डिपर (जवळचा) अशी दोन फिलामेंट साधारण १९२४-२५ च्या सुमारास आली, हॅलोजनचा एच१ बल्ब १९६२ मध्ये आणि दोन फिलामेंटचा एच४ १९७१ मध्ये. खाली जे आहे ते मुख्यतः हॅलोजनबद्दल.

पहिली विभागणी हत्यार हातात न घेताच होते. एकच बाजू बंद असेल तर त्या बाजूचा बल्ब, कपलर (बल्बामागचा वायरचा प्लग), अर्थ किंवा त्या बाजूचा वेगळा फ्यूज. दोन्ही बाजू बंद असतील तर रिले, स्विच किंवा दोघांची सामाईक वायर. दोन्हीकडे अप्पर लागतो आणि डिपर नाही, तर डिपरचा रिले किंवा स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच, पण इथे एक साधी शक्यता सुटते ती म्हणजे दोन्ही बल्ब सारख्याच वयाचे असतात आणि एक उडून महिने झालेले असतात पण लक्षात येत नाही, मग दुसरा उडाला की दोन्ही एकदमच गेले असं वाटतं. चालू बाजूचा बल्ब बंद बाजूला लावून बघणं ही अजूनही सगळ्यात स्वस्त टेस्ट आहे.

उडालेला बल्ब नीट बघितला तर बोलतो. फिलामेंट मधूनच तुटलेलं आणि काच स्वच्छ म्हणजे वय किंवा हादरा. काचेला आतून काळपट-चंदेरी थर म्हणजे फिलामेंटचं टंगस्टन उडून भिंतीवर बसलंय. आत पांढुरकी किंवा पिवळसर धुळीसारखी पूड दिसली तर हवा शिरली, काच कुठेतरी तडकलेली आहे. बोट लागल्याने बल्ब जातो का यावर वाद आहे: जुनं मत असं की बोटाचा तेलकटपणा आणि क्षार क्वार्ट्झ काचेत डाग पाडतात, तिथे काच जास्त तापते आणि फुगते, उलट मत असं की आता बरेच बल्ब कठीण काचेचे असतात, त्यांना एवढा त्रास होत नाही. काचेला हात लावू नये हे दोन्ही बाजूंना मान्य आहे, पण बल्ब वारंवार जात असतील तर बोटांपेक्षा चार्जिंगचा संशय आधी घ्यावा, कारण व्होल्टेज फक्त ५ टक्के जास्त झालं तरी बल्बचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्टच्या आसपास आकडा ठीक, सतत १५ दिसत असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) तपासायला घ्यावा.

फ्यूज डोळ्यांनी बघून सोडू नये, बारीक चीर दिसत नाही, दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प (एका वायरला चिमटी, दुसऱ्या टोकाला सुई असलेला छोटा दिवा) लावावा. रिलेचे पाय बहुतेक ठिकाणी जर्मन डीआयएन ७२५५२ या क्रमांकांनुसार असतात: ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी लाइन, ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारी, ८५ आणि ८६ कॉइलचे. त्याच पद्धतीत ५६ए अप्पर, ५६बी डिपर, ३१ अर्थ. रिले टक् वाजला म्हणजे कॉइल चालते एवढंच कळतं, आतले पॉइंट (करंट जोडणारे संपर्क) जळलेले असू शकतात, आणि इथे बरेच जण फसतात. रिले काढून ३० आणि ८७ फ्यूज असलेल्या वायरने जोडले आणि दिवा लागला तर पुढची वायर आणि बल्ब ठीक, दोष रिलेत किंवा त्याला हुकूम देणाऱ्या बाजूला.

आता मुख्य भाग. कपलर काढून मल्टिमीटर लावला, १२.६ व्होल्ट दिसले, म्हणून सप्लाय ठीक असं ठरवलं जातं आणि पुढचे दोन तास वाया जातात. मल्टिमीटरचा आतला रोध साधारण १ कोटी ओहम असतो, त्यामुळे वाटेत गंजलेल्या जोडात हजार ओहम अडकलेले असले तरी आकडा जवळजवळ तसाच दिसतो. ५५ वॅटच्या बल्बला मात्र १२ व्होल्टवर ४.६ अँपिअर लागतात, पेटल्यावर त्याचा रोध २.६ ओहमच्या आसपास असतो आणि थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे तो हजार ओहमचा जोड जवळपास सगळं व्होल्टेज स्वतःच गिळतो. नळ बंद असताना पाइपात दाब असतोच, पाणी येतं का ते नळ सोडल्यावर कळतं, तसंच हे. म्हणून माप बल्ब लावलेला आणि स्विच चालू असताना, कपलरच्या मागून सुई घालून घ्यायचं. बल्बच्या अर्थ पायापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त नको. तिथे १२ दिसले तर अर्थ तुटलेला आहे, बल्ब बदलून काही होणार नाही.

दिवा पेटतो पण मंद, हाही याच घराण्यातला दोष. व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड साधारण ३० टक्के घटतो. कपलरच्या सैल झालेल्या पत्तीत ०.२ ओहम असले तरी ५ अँपिअरला तिथेच ५ वॅट उष्णता तयार होते, म्हणूनच कपलरचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळतं, आणि अशा कपलरात नवा बल्ब घातला तर तोही लवकरच कुरकुरायला लागतो, कपलरच बदलावा.

एच४ मध्ये अर्थ तुटला तर गंमत होते, डिपर चालू केला की करंट त्याच बल्बच्या अप्पर फिलामेंटमधून उलटा जाऊन पलीकडच्या दिव्यातून अर्थ शोधतो. एका बाजूची दोन्ही फिलामेंट मंद लालसर दिसतात, मीटरवरचा अप्परचा निळा इंडिकेटरही अर्धवट पेटू शकतो. असं दिसलं की थेट अर्थकडे जावं.

अनेक जपानी गाड्यांत, विशेषतः जुन्या, सगळं उलट असतं: बल्बच्या सामाईक पायाला कायम प्लस आणि डिपर-अप्पर स्विच मायनस जोडतो. टेस्ट लॅम्पची चिमटी बॉडीला लावून तपासणारा इथे हमखास चुकतो, कारण बल्ब लावलेला असेल तर बंद फिलामेंटच्या पायावरही प्लस दिसतो आणि बल्ब काढला तर तिथे काहीच नाही. अशा वेळी चिमटी बॅटरीच्या प्लसला लावून पाय तपासायचे.

झेनॉन दिव्यात (फिलामेंटऐवजी गॅसमधल्या विजेच्या ठिणगीवर चालणारे), जे १९९१ पासून बीएमडब्ल्यूच्या ७ मालिकेत आले, सुरुवातीचा झटका २० हजार व्होल्टच्या पुढे असतो, तिथे सुई घालू नये. स्विच आणि इग्निशन बंद करून, दिवे पूर्ण निवल्यावर बर्नर (झेनॉनचा बल्ब) डावी-उजवीकडे बदलून बघायचा: दोष बर्नरबरोबर गेला तर बर्नर, नाहीतर बॅलास्ट (त्याला वीज पुरवणारी डबी). गुलाबी होऊन थोड्या वेळाने बंद पडणारा दिवा सहसा बर्नर संपल्याचं लक्षण.

बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे चालवणारा छोटा कॉम्प्युटर) असलेल्या गाडीत वरची पद्धत अर्धीच चालते. सप्लाय तुकड्यातुकड्यात येतो म्हणून मीटर सरासरी दाखवतो, आणि शॉर्ट सापडला की मॉड्यूल ती लाइन स्वतःच तोडतं, काही गाड्यांत स्कॅनरने कोड पुसेपर्यंत परत देत नाही, तोवर बल्ब, वायर सगळं ठीक असूनही दिवा बंदच राहतो.