शेवटचा नॉट सर्वांत महाग

हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव गाठायचा म्हणून तांडेल (नौकेचा प्रमुख) परतीच्या वाटेवर इंजिन पूर्ण ताकदीने चालवतो, तेव्हा नौकेचा मागचा भाग पाण्यात बसतो, नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर उचलली जाते आणि काळा धूर दिसू लागतो. वेग मात्र जेमतेम एका नॉटने, म्हणजे ताशी एका सागरी मैलाने (१.८५ किलोमीटरने), वाढतो.

हा दोष इंजिनाचा नसून लाटेचा आहे. पाणी सारत जाणारी नौका स्वतःची लाट उठवते आणि वेग वाढतो तशी ती लाट लांबत जाते. लाटेची लांबी नौकेच्या पाणरेषेवरील (पाण्याच्या पातळीवर मोजलेल्या) लांबीइतकी झाली, की पुढे नौकेला आपणच उठवलेल्या लाटेचा चढ चढावा लागतो. पाणरेषेवरील लांबीच्या (मीटरमधील) वर्गमुळाला २.४३ ने गुणले असता ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. १२ मीटरसाठी ती सुमारे ८.४ नॉट येते. विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात इंग्लंडमधील टॉर्की येथे नौकांच्या प्रतिकृती टाकीतून ओढून पाण्याच्या या रोधाचा पद्धतशीर अभ्यास केला.

मर्यादेच्या बऱ्याच खाली असतानाही लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आठ नॉटऐवजी सात नॉटने गेल्यास ताशी डिझेल सुमारे ३३ टक्क्यांनी आणि प्रत्येक सागरी मैलामागे सुमारे २३ टक्क्यांनी कमी लागते. मर्यादेजवळ तर बचत याहूनही अधिक होते. वीस सागरी मैलांच्या परतीला यामुळे साधारण एकवीस मिनिटे जास्त लागतात. तेवढ्या उशिराने लिलावातला भाव खरोखर पडत असेल, तर घाई समजण्यासारखी आहे. पण पहाटे रिकामी नौका मासेमारीच्या जागी नेतानाही तोच वेग ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

ट्रॉलिंगचे, म्हणजे जाळे ओढत केलेल्या मासेमारीचे, गणित निराळे. तिथे वेग तीन नॉटच्या आसपास असतो आणि बहुतेक शक्ती जाळे ओढण्यात जाते.

नौकेच्या तळावर चिकटणारे शेवाळ आणि कवचधारी जीव घर्षण वाढवतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात तळ खरवडून रंगवलेली नौका ऑगस्टमध्ये इंजिनाच्या दर मिनिटाच्या ज्या फेऱ्यांवर सात नॉट देते, त्याच फेऱ्यांवर पुढे सहा देऊ लागली, तर इंजिन उघडण्याआधी तळ आणि नौका ढकलणारा पाण्याखालचा पंखा तपासावा.