२७.२ की २७.०? जुन्या रोड बाइकच्या सीटपोस्टचं माप

सीटपोस्ट म्हणजे सीटखालचा, फ्रेममध्ये उतरणारा दांडा. असे दोन टेबलावर शेजारी ठेवा, एक २७.२ मिलिमीटर व्यासाचा, दुसरा २७.० चा. नजरेला फरक दिसत नाही आणि हातालाही लागत नाही. आपल्याकडचे फिटर पाइपचं माप सुतात सांगतात, एका इंचाचे आठ सूत. या दोन पोस्टमधला फरक एका सुताचा जेमतेम सोळावा हिस्सा आहे. पण जुन्या स्टीलच्या फ्रेमला तेवढा पुरतो. एक पोस्ट वर्षानुवर्षं जागच्या जागी राहतो आणि दुसरा दर चढाला खाली सरकतो, किंवा असा अडकून बसतो की निघता निघत नाही.

माझ्याकडची फ्रेम १९८० च्या दशकातली, इटालियन, कोलंबस या कंपनीच्या पाइपची. ती आली तेव्हा तिच्यात २७.० चा पोस्ट होता, तळाशी आकडा स्पष्ट कोरलेला. तो मला आखूड पडत होता म्हणून त्याच मापाचा लांब पोस्ट मागवला. पहिल्याच दिवशी सिंहगडाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत सीट बोटभर खाली गेली होती. बोल्ट आणखी आवळला, परत गेली. आधीच्या मालकानं चुकीचा पोस्ट घातला होता आणि मी त्याच्यावर कोरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला होता. फ्रेमचं खरं माप २७.२ होतं.

ही दोन मापं आली कुठून, हे समजलं की निम्मा गोंधळ मिटतो. इटालियन आणि इंग्लिश रोड फ्रेमची सीट ट्यूब, म्हणजे पोस्ट ज्यात उतरतो तो उभा पाइप, बाहेरून बहुधा २८.६ मिलिमीटर असते, म्हणजे नऊ सूत. बाहेरचं माप तेच ठेवून पाइपची भिंत जाड-पातळ केली जायची. कोलंबसच्या एसएल या पाइप-प्रकारात सीट ट्यूबची भिंत वरच्या टोकाला ०.६ मिलिमीटर आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती वजा केल्या की आत २७.४ उरतात आणि थोडी मोकळीक सोडून २७.२ चा पोस्ट बसतो. एसपी हा त्याच घरातला दणकट पाइप, मोठ्या मापाच्या फ्रेमसाठी आणि वजनदार स्वारांसाठी. त्याची भिंत वर ०.७ आहे, आत २७.२ उरतात, म्हणून पोस्ट २७.० चा. बाहेरून दोन्ही फ्रेम सारख्याच दिसतात, आणि कितीतरी जुन्या स्टिकरवर नुसतं कोलंबसचं कबुतर असतं, एसएल की एसपी याचा पत्ता नसतो.

या हिशेबातच एक सापळा आहे. भोक मोजून २७.२ आले म्हणून २७.२ चा पोस्ट मागवायचा, ही चूक मी अनेकांना करताना पाहिली आहे. भोकाचं माप आणि पोस्टचं माप एक नसतं, मध्ये मोकळीक लागते. शिवाय लग, म्हणजे पाइप जिथे जुळतात तिथली धातूची बाही, जोडताना लागलेल्या आचेनं पाइप किंचित वेडावाकडा होतो, म्हणून फ्रेम बांधणारा तिथे आतून रीमर, म्हणजे भोक तासून गोल करणारं हत्यार, फिरवतो. त्यामुळे कागदावरचा हिशेब फक्त अंदाजाला वापरा आणि निकाल फ्रेमला लावू द्या.

तो निकाल लगच्या मागच्या खाचेत वाचता येतो. बोल्ट बसतो ते दोन कान आणि त्यांच्यामधली उभी फट. योग्य पोस्ट घालून बोल्ट बेताचा आवळला की फटीच्या दोन्ही कडा जवळपास समांतर राहतात. फट वरच्या टोकाला मिटत चालली असेल, तर कधीतरी लहान पोस्ट घालून बोल्ट पिळलेला आहे. वरच्या टोकाला उघडत गेली असेल, तर मोठा पोस्ट ठोकून घातलेला आहे. माझ्या फ्रेमचे कान वर एकमेकांना टेकायला आले होते. ते मी मोजायच्या आधी पाहिलं असतं तर एका पोस्टचे पैसे वाचले असते.

दोन्ही चुकांत मला लहान पोस्टची चूक जास्त वाईट वाटते. २७.० च्या फ्रेममध्ये २७.२ जातच नाही, निदान अडून सांगतो तरी. हातोडी घेतली तरच नुकसान, आणि मग पोस्टवर उभे ओरखडे पडून तो आत रुततो. २७.२ च्या फ्रेममध्ये मात्र २७.० लोण्यासारखा जातो. माणूस खूश होतो, बोल्ट आवळतो आणि पकड फक्त लगच्या वरच्या कडेला उरते. खालचा भाग आत हलत राहतो, करकरतो, सरकतो. सरकला की आणखी आवळायचा. शेवटी कान वाकतो किंवा तडकतो, आणि तो दुरुस्त करायला ब्रेझिंग (पितळ वा चांदी वितळवून धातू जोडणं) जाणणारा कारागीर शोधून त्या भागाचा रंग घालवावा लागतो.

मोजायला डिजिटल व्हर्निअर घ्या, म्हणजे सरकत्या जबड्यांची मापपट्टी. जुना पोस्ट मोजाल तर आत राहणाऱ्या भागात, दोन-तीन दिशांनी. बोल्टनं दाबलेला पट्टा टाळा, तिथे धातू दबलेला असतो. साध्या जुन्या दांड्याचं वरचं टोक, जिथे सीटची क्लिप बसते, सात सुतांचं म्हणजे २२.२ मिलिमीटर असतं. ते मोजून उपयोग नाही. फ्रेमचं भोक मोजताना लगच्या कडेखाली उतरा आणि आडवं-उभं दोन्ही घ्या. व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांना थोडी सपाट कड असते, त्यामुळे गोल भोकात आकडा किंचित कमी येतो.

याहून खात्रीची परीक्षा म्हणजे खरे पोस्ट घालून पाहणं. बोल्ट पूर्ण सैल करा, भोक गंज आणि मळ काढून पुसा, पोस्टला ग्रीसचं बोट लावा. २६.८ पासून ०.२ नं वर चढत जा. हातानं, हलक्या पिळानं जो सगळ्यात मोठा पोस्ट आत जातो आणि बाजूला डुलत नाही, तो तुमचा. ओळखीच्या मेकॅनिककडे जुने पोस्ट पडलेले असतात, ते मागायला लाजू नका.

फ्रेंच फ्रेम असेल तर वरचा हिशेब विसरा. तिथली सीट ट्यूब बाहेरून २८.० असायची, प्यूजोच्या पीएक्स-१० या फ्रेंच रोड बाइकला म्हणूनच २६.४ चा पोस्ट लागतो. आणि २८.६ हा आकडा पोस्टसाठी कुठेच वापरू नका, तो ट्यूबच्या बाहेरून बसणाऱ्या क्लॅम्पचा आहे.

०.२ ची तूट कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा गुंडाळून भरता येते. पत्रा साधारण ०.१ चा, एक वेढा म्हणजे व्यासात ०.२. घरी पोचण्यापुरतं ठीक, कायमचं मी ठेवणार नाही. माझ्या फ्रेमचे कान कारागिरानं बेतानं उघडून दिले, २७.२ चा पोस्ट हाताच्या दाबानं उतरला आणि फट पुन्हा समांतर झाली. दर पावसाळ्याआधी तो बाहेर काढून ग्रीस लावतो, कारण स्टीलच्या ट्यूबमध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट ओलाव्यात तसाच राहिला की दोघं एकमेकांना चिकटतात.