अ‍ॅक्रेलिक कापायला लेझर की राउटर: वादाची पार्श्वभूमी

दुकानांच्या पाट्यांची अ‍ॅक्रेलिक अक्षरं लेझरने कापावीत की राउटरने, म्हणजे फिरत्या पात्याने (बिटने) कापणाऱ्या मशीनने, हा पाट्या बनवणाऱ्यांतला वाद. हाताने रंगवलेल्या पाट्यांचा काळ सगळ्यांना माहीत आहे, तो सोडून देऊ. अ‍ॅक्रेलिक हाताने कापायचे तेव्हा वळणाला जिगसॉ करवत आणि सरळ कापाला जुन्या हॅकसॉ ब्लेडचं टोक घासून केलेला हूक, पट्टी धरून खरवडायचं आणि टेबलाच्या कडेवर दाबलं की कट्कन तुटतं. हूक अजून चालतो. लेझरबद्दल एकच सांगतो, 1964 साली सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचा) लेझर, म्हणजे आपण वापरतो तोच, अमेरिकेत ज्याने शोधला तो माणूस जन्माने बारामतीचा आणि शिकला पुण्यात, पण आपल्या गाळ्यांत लेझर आला तो चिनी मशीन परवडायला लागल्यावरच.

आणि तिथून भांडण सुरू. लेझरवाले म्हणतात कड काचेसारखी येते, पॉलिश नको, आतले कोपरे टोकदार निघतात. खरंय, राउटरच्या 3 एमएम बिटने आतला कोपरा गोलच येणार. पण बोर्डाचं काम म्हणजे फक्त अ‍ॅक्रेलिक थोडंच आहे? सनबोर्ड (फोमचा हलका तक्ता) पीव्हीसी प्लास्टिकचा, तो लेझरखाली घातला की हायड्रोजन क्लोराईड सुटतो, माणसाच्या छातीलाही वाईट आणि मशीनच्या रेलही गंजतात, तरी लोक रात्री शटर ओढून कापतातच. एसीपी (दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असलेला तक्ता) तर लेझरने कापलाच जात नाही, पॉलिकार्बोनेट करपून तपकिरी होतं. शिवाय एक्स्ट्रुडेड (वितळवून दाबून काढलेली) अ‍ॅक्रेलिक शीट लेझरने कापून लगेच क्लोरोफॉर्मने जोडली तर कडेला बारीक तडे जातात, आणि ते दिसतात बोर्ड गिऱ्हाइकाकडे लागल्यावर. राउटरला हे सगळं चालतं, फक्त एक्स्ट्रुडेडला सिंगल फ्लूट (एकाच धारेचं) बिट लावा नाहीतर माल वितळून बिटलाच चिकटतो.

मग सगळ्यांनी राउटर का नाही घेतला? जागा, दुसरं काय. 8 बाय 4 फुटांची शीट म्हणजे 2440 बाय 1220 एमएम, ती अख्खी मावायला 1325 चं (1300 बाय 2500 एमएम टेबलाचं) राउटर लागतं, वर भुसा आणि आवाज, म्हणजे चाळीखालच्या दुकानात शेजारी उभे राहू देणार नाहीत. 1300 बाय 900 चा लेझर कोपऱ्यात बसतो, शीट आधी हूकने तोडून घ्यायची. मुंबईत निर्णय कडेवर कमी आणि गाळ्याच्या मापावर जास्त झाला, माझं तरी हेच मत.

महाराष्ट्राच्या दुकाने कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, 25 सप्टेंबर 2023 ला सुप्रीम कोर्टाने पाट्या बदलायला दोन महिने दिले आणि ऐन दिवाळीत कामाची झुंबड उडाली. तेव्हा कळलं की मशीन कुठलंही असो, घोळ फाईलमध्येच होतो. कोरलमध्ये (डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये) देवनागरी शब्द कर्व्ह केला, म्हणजे फॉन्टच्या नुसत्या रेषा केल्या, तरी शिरोरेषा प्रत्येक अक्षराची वेगळी, एकावर एक चढलेली, वेल्ड न करता, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच कड न करता फाईल दिली की मशीन प्रत्येक जोडावर काप मारतं आणि अख्खा शब्द तुकडे होऊन हातात येतो. जॉबवर्कवाला (पैसे घेऊन दुसऱ्यांचं कापून देणारा) मिनिटाचे पैसे तरीही घेतोच.