पायांतील शिरांच्या विकारांची तपासणी

पायातील रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरा (नीला) नीट काम करतात की नाही, हे ठरवण्याची वैद्यकीय पद्धत. उभ्या माणसाच्या पायातले रक्त पोटरीच्या स्नायूंच्या दाबाने वर चढते आणि शिरांमधल्या एकेरी झडपा ते खाली येऊ देत नाहीत. झडपा निकामी झाल्या की रक्त साचते, शिरा फुगून वाकड्यातिकड्या होतात, संध्याकाळी पाय जड पडतात, रात्री पोटरीत गोळे येतात. नागपुरातल्या बर्डी-इतवारी या बाजारपेठांच्या दुकानांत दिवसभर उभे राहणारे नोकर आणि चौकातले वाहतूक पोलीस अशांना हा त्रास अधिक जाणवतो. उष्णतेने शिरा प्रसरण पावतात, त्यामुळे तिथल्या मे महिन्यात तो आणखी वाढतो.

रुग्णाला उभे करूनच पाय पाहावा लागतो. आडवे झोपवले की फुगलेल्या शिरा रिकाम्या होतात आणि निम्मा आजार दिसतच नाही. पायजमा गुडघ्यापर्यंत वर सरकवूनही भागत नाही: मुख्य वरवरची शीर घोट्याच्या आतल्या बाजूने निघून थेट जांघेत खोल शिरेला मिळते. जांघेपर्यंत पाय उघडा करून पाहणे गर्दीच्या ओपीडीत नेमके राहून जाते. पाय उचलून शिरा रिकाम्या करायच्या, मांडीला पट्टा बांधायचा, उभे करून पट्टा सोडायचा आणि शीर वरून झटकन भरते का ते पाहायचे, ही ट्रेंडेलेनबर्ग चाचणी एमबीबीएसचे विद्यार्थी आजही शिकतात. निर्णय मात्र आता कलर डॉप्लरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर होतो.

डॉप्लरसाठी रुग्ण दुसऱ्या पायावर भार देऊन उभा राहतो. जांघेत जेली लावून प्रोब (सोनोग्राफी यंत्राचे हातात धरायचे टोक) टेकवतात. तपासणारा हाताने पोटरी दाबतो, रक्त वर जाते. हात सोडला की शाबूत झडप मिटते आणि पडद्यावरचा रंग विझतो. झडप बिघडलेली असेल तर रंग पालटतो, म्हणजे रक्त उलटे फिरले. हा उलटा प्रवाह वरवरच्या शिरांत ०.५ सेकंदापेक्षा, तर मांडीच्या व गुडघ्यामागच्या खोल शिरांत १ सेकंदापेक्षा जास्त टिकला तर तो दोष मानतात.

आजाराची पायरी 'सीप' (CEAP) या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने (१९९४, सुधारणा २००४ आणि २०२०) सांगतात. त्यात सी-० म्हणजे डोळ्यांना काही न दिसणे, सी-१ कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा, सी-२ म्हणजे ३ मिलीमीटर वा अधिक जाडीच्या फुगलेल्या शिरा, सी-३ सूज, सी-४ त्वचा काळवंडणे, इसब वा घट्टपणा, सी-५ भरून आलेला व्रण आणि सी-६ वाहता व्रण. दोरखंडासारखी शीर पाहून घरचे घाबरतात, पण सूज किंवा त्वचेतला बदल नसेल तर ती सी-२ मध्येच राहते. शीर फारशी न दिसणारा, घोट्यापाशी काळा पडलेला पाय मात्र सी-४, म्हणजे तिच्या पुढच्या पायरीवर जातो.

पूर्व विदर्भ हत्तीरोगाचा पट्टा असल्याने सुजलेला पाय दिसला की तोही विचार करावा लागतो. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत येत नसेल, तर हत्तीरोगात तुंबणाऱ्या लसीकावाहिन्यांच्या (लिम्फ वाहून नेणाऱ्या नलिकांच्या) सुजेचा संशय बळावतो. शिरांचा आणि लसीकावाहिन्यांचा असे दोन्ही आजार एकाच पायात असू शकतात. सिकलसेलचे (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्णही या भागात बरेच. त्या आजारातला व्रण भारतीय रुग्णांत तुलनेने कमी दिसतो, पण त्याची जागा शिरांच्या व्रणाचीच, घोट्याजवळची. म्हणून तरुण माणसाची तिथली जखम भरत नसेल तर सिकलसेल शोधणारी रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी करून घेणे इष्ट.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर खोल शिरेतली गुठळी आधी शोधतात: गुठळी असेल तर प्रोबने दाबूनही शीर चपटी होत नाही.

शिरांच्या आजारावर उपचार म्हणून दाबाचे मोजे वा पट्टी देण्यापूर्वी घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा, हे गुणोत्तर काढतात. ते ०.९ पेक्षा कमी म्हणजे रोहिण्यांत (हृदयाकडून पायाला रक्त आणणाऱ्या वाहिन्यांत) अडथळा, ०.५ च्या खाली घट्ट पट्टी बांधली तर पायाचा उरलासुरला रक्तपुरवठाही धोक्यात येतो. मधुमेहींच्या रोहिण्या कडक झाल्याने हा आकडा फसवा मोठा येऊ शकतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.