एका तिकिटावर दोन विमानं की दोन तिकिटांवर दोन विमानं?

आईबाबा पहिल्यांदाच लेकीकडे अमेरिकेला निघालेत. नागपूरहून मुंबई, मुंबईहून फ्रँकफर्ट, तिथून न्यूअर्क. मोबाइलवर शोधलं तर हाच प्रवास दोन भावांत दिसतो. शहरं तीच, वेळाही जवळपास त्याच, मधे तोच ‘लेओव्हर ४ तास’. स्वस्तातल्या पर्यायाखाली बारीक अक्षरांत ‘सेल्फ ट्रान्सफर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि घाईत ते कुणी वाचत नाही.

महागातलं असतं ते एक तिकीट. विमान कंपनीने तुम्हाला न्यूअर्कपर्यंत पोहोचवायचं कबूल केलेलं असतं. मधे दोनदा विमान बदलणं हा तिच्या कामाचाच भाग. स्वस्तातली असतात दोन-तीन सुटी तिकिटं, शेजारी शेजारी ठेवलेली. पहिल्या कंपनीच्या लेखी तुमचा प्रवास फ्रँकफर्टला संपला. पुढे तुम्ही न्यूअर्कला जाता की जर्मनीतच राहता, हे तिला ठाऊकही नसतं. मधल्या चार तासांत काही बिघडलं तर ते कोणी निस्तरायचं, एवढाच काय तो फरक. पण विमानतळावरची प्रत्येक गोष्ट त्यावर ठरते.

आपल्या हातात यातलं नेमकं काय आहे, हे ओळखायला वेबसाइटचा बुकिंग आयडी उपयोगाचा नाही. तो त्या वेबसाइटचा हिशोब, त्याच्या पोटात तीन वेगळी तिकिटं असू शकतात. बघायचा तो ई-तिकीट क्रमांक. तो १३ आकडी असतो आणि पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे: एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, लुफ्तान्साचे २२०. सगळ्या विमानांपुढे एकच क्रमांक असेल तर तिकीट एक. (चारपेक्षा जास्त टप्पे असले तर लागोपाठचे दोन क्रमांक येतात, तेही एकच धरायचं.) विमानं दोन वेगळ्या कंपन्यांची असली तरी तिकीट एक असू शकतं. उलट, दोन्ही विमानं एकाच कंपनीची आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. ती वेगवेगळी काढली असतील तर तिकिटं दोनच.

बॅगेचा मामला तुलनेने सोपा. एका तिकिटावर ती सहसा शेवटच्या विमानतळापर्यंत ‘थ्रू’ जाते. सुट्या तिकिटांवर ती फ्रँकफर्टला पट्ट्यावर येते. ती उचलायची, बाहेर पडायचं, पुढच्या कंपनीचा काउंटर शोधायचा, पुन्हा वजन, पुन्हा सुरक्षा तपासणी. काउंटर बहुधा उड्डाणाच्या तीनेक तास आधी उघडतो आणि तासभर आधी बंद होतो. म्हणजे वेळ कमी असला तर धावपळ आणि फार असला तर दोन जड बॅगा घेऊन ताटकळणं.

इथे गोंधळ घालणारे दोन अपवाद आहेत. अमेरिकेत शिरताना पहिल्या विमानतळावर साधारणपणे प्रत्येकाला बॅग उचलून कस्टममधून न्यावी लागते, तिकीट एक असलं तरी. भारतात परतताना पहिल्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर सहसा तेच. त्याने घाबरायचं कारण नाही, कस्टम ओलांडल्यावर लगेच बॅग परत द्यायची जागा असते आणि टॅग तोच चालतो. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांची मात्र मजा आहे. तिथे २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम विमानात बसण्याआधीच उरकतं, मग अमेरिकेत उतरताना देशांतर्गत प्रवाशासारखं थेट बाहेर.

खरी मेख व्हिसात आहे, आणि तिकिटं काढताना तिचा विचार सर्वांत कमी होतो.

फ्रँकफर्टला एका तिकिटावर विमान बदलणारा माणूस जर्मनीत शिरतच नाही. तो इमिग्रेशनच्या अलीकडेच, ट्रान्झिट भागात राहतो. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर त्याला तिथे वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही, म्हणून आपले हजारो विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील शेंगेन व्हिसा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) न काढता तिथून ये-जा करतात. पण ही सवलत फक्त आत थांबणाऱ्यांना. सुट्या तिकिटांवर बॅगेचा पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे, आणि इमिग्रेशन ओलांडायचं म्हणजे रीतसर जर्मनीत प्रवेश करायचा. त्याला शेंगेन व्हिसाच हवा. अमेरिकेचा व्हिसा दाखवून बॅग मिळत नाही.

बरं, ही अडचण फ्रँकफर्टला येईल असंही नाही. ती मुंबईच्या काउंटरवरच येते. तिथला कर्मचारी टिमॅटिक नावाच्या प्रणालीत तुमचं नागरिकत्व आणि मुक्काम घालून बघतो. विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ या संघटनेची ती प्रणाली. त्याच्या समोरचं तिकीट फ्रँकफर्टला संपतं, त्यामुळे तो शेंगेन व्हिसा मागतो. तुम्ही दुसऱ्या कंपनीचं पुढचं तिकीट मोबाइलवर दाखवलंत तरी बॅग तिथवरच जाणार म्हटल्यावर तो तुम्हाला विमानात बसू देईलच असं नाही. कागद नसलेला प्रवासी नेला तर दंड आणि परत आणण्याचा खर्च कंपनीच्या माथी पडतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही.

एक तिकीट आहे म्हणूनही डोळे मिटू नयेत. मुंबई–म्युनिक–फ्रँकफर्ट–न्यूअर्क असा मार्ग असेल तर म्युनिक ते फ्रँकफर्ट हा शेंगेनच्या आतला प्रवास. त्या विमानात बसायचं तर शेंगेन व्हिसा लागतो, मग तिकीट एक असो की चार. युरोपात दोनदा उतरवणारं तिकीट दिसलं की माझं उत्तर ठरलेलं आहे: नको.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर हा फरक डोळ्यांना दिसतो. जांभळ्या पाट्या ‘फ्लाइट कनेक्शन्स’च्या. त्यांच्या मागे चालत राहिलं की बस तुम्हाला आतल्या आतच दुसऱ्या टर्मिनलला नेते. बॅग घ्यायला बाहेर जावं लागणाऱ्यांची वाट तिथेच फुटते आणि ती ब्रिटनच्या इमिग्रेशनकडे जाते. तिथले व्हिसाचे नियम पुन्हा वेगळे, आणि ते बदलतही असतात. प्रवासाच्या महिन्यात सरकारी संकेतस्थळावर पाहावेत, व्हॉट्सॲपवरच्या जुन्या अनुभवावर विसंबू नये.

आता उशिराचं. एका तिकिटावर पहिलं विमान रखडलं आणि दुसरं चुकलं तर पुढच्या विमानात जागा देणं कंपनीचं काम. दोन विमानांत किमान किती अंतर हवं याचे तक्ते असतात, त्याहून कमी वेळाचं जोड-तिकीट विकलंच जात नाही. युरोपात २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम आहे. तो लागू होत असेल तर उशीर शेवटच्या मुक्कामावर मोजतात, आणि चूक कंपनीची असेल तर लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई मिळू शकते. सुट्या तिकिटांवर दुसऱ्या कंपनीच्या दफ्तरी तुम्ही फक्त ‘नो-शो’, म्हणजे वेळेवर न आलेला प्रवासी. आणि त्या तिकिटातच परतीचा प्रवास असेल तर तोही सहसा रद्द होतो. हे कळतं तेव्हा लोक हबकतात.

नागपूरकरांसाठी आणखी एक हिशोब. अमेरिकेला अनेक कंपन्या २३ किलोच्या दोन बॅगा देतात. एकाच तिकिटावर नागपूर–मुंबई टप्प्यालाही सहसा तेच वजन चालतं. तो टप्पा सुटा काढला तर देशांतर्गत नियमाने साधारण १५ किलो. उरलेल्या भाजणी, मेतकूट नि लोणच्याचे किलोवर पैसे मोजावे लागतात आणि वाचवलेले हजार तिथेच जातात.

मग सुटी तिकिटं काढूच नयेत का? काढावीत की! पाठीवर एक सॅक, हातात व्हिसा आणि मधे एक मुक्काम असेल तर त्यांच्यासारखं स्वस्त आणि मोकळं काही नाही. लंडनला दोन दिवस मित्राकडे राहून पुढे जाणाऱ्याने एका तिकिटाचे जास्त पैसे का द्यावेत? पुण्याहून गाडीने थेट मुंबईला येणाऱ्यांचा पहिला टप्पा तर विमानाचा नसतोच. आईवडिलांना एकटं पाठवताना मात्र मी किमतीकडे बघत नाही.

सुटी तिकिटं आधीच निघाली असतील तर निदान दोन्ही छापून जवळ ठेवावीत आणि पहिल्या काउंटरवर विचारावं, “बॅग पुढपर्यंत टाकता येईल का?” दोन्ही विमानं एकाच कंपनीची किंवा एकाच गटातली असतील तर काही ठिकाणी टाकतात, काही ठिकाणी साफ नाही म्हणतात. टाकली तरी उशिराची जबाबदारी त्याने कुणावर येत नाही. आणि टॅग बांधला की त्यावरची मोठी तीन अक्षरं वाचायची. तिथे न्यूअर्कचं ‘ईडब्ल्यूआर’ हवं. फ्रँकफर्टचं ‘एफआरए’ दिसलं तर बॅग पट्ट्यावरून आत सरकायच्या आधीच बोलावं, कारण एकदा गेलेली बॅग परत मागवायला अर्धा तास मोडतो.