मोरीचा वास आणि पाच सेंटिमीटर पाणी

मे महिन्यात तीन आठवडे गावी राहून परतलो. दार उघडताच सडक्या अंड्यांसारखा वास नाकात शिरला. आधी वाटलं, माळ्यावर उंदीर मेलाय. मग बाथरूम फिनेलने धुतलं. तासाभरात वास परत आला. शेवटी मोरीची जाळी उचलून टॉर्च मारला, तर खालचं भांडं कोरडं ठणठणीत. तांब्याभर पाणी ओतलं, खिडकी उघडली आणि संध्याकाळपर्यंत घर पूर्ववत झालं.

त्या भांड्याला देशभरातले प्लंबर आणि इंजिनिअर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. ही नहाणी म्हणजे आपली न्हाणीच. त्याच्या एका जुन्या, साध्या प्रकारात मधोमध उभी नळी असते, भोवती पाण्याचा खळगा आणि नळीवर पालथी घातलेली वाटी. वाटीची कड पाण्यात बुडालेली असते. आंघोळीचं पाणी त्या कडेखालून जाऊन नळीत उतरतं. गटारातल्या वायूला मात्र उलट यायला वाट नसते, कारण मध्ये पाणी आडवं येतं. हे झाकण साधारण पाच सेंटिमीटर पाण्याचं असतं. बंद घरात, उन्हाळ्यात, ते उडून जातं.

लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 साली संडासाच्या नळीला एस आकाराचा बाक देऊन पेटंट घेतलं, त्यामागचं तत्त्व हेच. बेसिनखालची वाकडी नळीही त्याच घराण्यातली.

पुष्कळ घरांत ही वाटी जागेवर नसतेच. केस अडकतात, पाणी सावकाश जातं, म्हणून कुणीतरी ती काढून टाकतं. पाणी भसाभस जाऊ लागतं आणि त्या दिवसापासून गटाराची नळी थेट बाथरूममध्ये उघडते. मग वर्षानुवर्षं डांबर गोळ्या टाकत बसायचं! वाटी घासून परत बसवा, एवढंच मला कळकळीने सांगायचंय.

वासाचा मुख्य धनी हायड्रोजन सल्फाइड. नळीतल्या चिकट्यात ऑक्सिजन पोचत नाही. तिथले काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वास चालवतात आणि हा वायू सोडतात. आपले केस, अन्नातली प्रथिनं यांतही गंधक असतंच. आपलं नाक या वायूला विलक्षण तिखट आहे. हवेच्या अब्ज भागांत याचे मोजके भाग असले तरी कळतं. पण प्रमाण दहा लाखात शंभराच्या वर गेलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवलेल्या सफाई कामगारांचा घात अनेकदा असाच होतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला असं उतरवण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरी मृत्यू थांबलेले नाहीत. घरातल्या मोरीत प्रमाण खूपच कमी असतं, पण कोरड्या ट्रॅपमधून फक्त वासच येतो असं नाही. 2003 साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत 300 हून अधिक लोकांना सार्स या श्वसनरोगाची लागण झाली. बाथरूमच्या मोऱ्यांमधले सुकलेले ट्रॅप हे तिथल्या फैलावाचं एक महत्त्वाचं कारण मानलं गेलं.

ट्रॅपमध्ये पाणी आहे, वाटी आहे, तरी वास येतोय? मग तो जाळीजवळच तयार होतोय. साबण आणि बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम मिळून पांढरट साका धरतो. त्यात केस आणि तेल अडकतं, आणि त्यावर जिवाणू बुळबुळीत थर विणतात. हातमोजे घालून जाळीची मागची बाजू बोटाने चाचपून पाहा, काळपट लगदा हाती लागेल. तो ब्रशने खरवडूनच काढावा लागतो. वरून ओतलेलं औषध बरंचसं त्याच्यावरून वाहून जातं. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतलं की फेस जोरात येतो, पण तो कार्बन डायऑक्साइडचा. आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करून टाकतात. सिंकमध्ये तुपाचा थर असेल तर कढत पाणी आणि भांड्यांचा साबण बरा. उकळतं नको, पीव्हीसीची नळी साधारण ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडते. आणि ॲसिड व ब्लीच कधीही एकापाठोपाठ ओतू नका, त्यातून क्लोरीन सुटतो.

सिंकची गोल घड्यांची नळी मोरीच्या भोकात नुसती खुपसलेली असेल, तर भोवतीच्या फटीतून वास आणि झुरळं दोन्ही येतात. तिथे रबरी बूच बसवून घ्या. नेमकी कुठली मोरी दोषी ते कळत नसेल, तर पाणी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी रात्रभर एकेका जाळीवर ठेवून बघा. जिच्यावर ठेवल्यावर वास थांबला, ती मोरी.

घर महिनाभर बंद राहणार असेल, तर निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर दोन-तीन चमचे औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. त्याचा पातळ थर तरंगत राहतो आणि पाणी उडायला वेळ लागतो. ते नसेल तर स्वयंपाकाचं तेल चालेल. खोबरेल मात्र नको, थंडीत थिजतं.