निळ्या ब्रॉन्झमध्ये 180 केल्विनला काय घडते

पोटॅशियमच्या निळ्या ब्रॉन्झचा तांबे-कथलाशी काही संबंध नाही. हे मॉलिब्डेनमचे ऑक्साइड असते आणि त्यात दर दहा मॉलिब्डेनम अणूंमागे तीन पोटॅशियम अणू बसलेले असतात. पोटॅशियमने दिलेले इलेक्ट्रॉन स्फटिकाच्या बी अक्षालगतच्या साखळ्यांतून सहज वाहतात, आडवे मात्र फार कमी. त्यामुळे हा पदार्थ जवळपास एकमितीय धातूच ठरतो.

एकमितीय धातू थंडीत टिकत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ पायर्ल्स यांनी दाखवले. अणू ठरावीक अंतराने किंचित सरकले की इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यात फट पडते. त्यातून वाचणारी ऊर्जा अणूंची जाळी वाकवण्याच्या खर्चाहून जास्त भरते. मग विद्युतभार कुठे दाट, कुठे विरळ होतो. हीच भारघनतेची लहर. 180 केल्विनच्या वर ती साखळीपुरती, तुटक असते. क्ष-किरण चित्रात पसरट रेषा दिसतात. 180 ला शेजारच्या साखळ्यांतल्या लहरी एकमेकींशी जुळतात आणि रेषांचे ठिपके होतात. हेच संक्रमण: धातूचा अर्धवाहक होतो. जाळीच्या चार घरांत (घर म्हणजे अणूंच्या मांडणीचा पुन्हापुन्हा येणारा एकक) जवळपास तीन लाटा बसतात. पण हे गणित नेमके जुळत नाही, आणि पुढची सगळी गंमत या ‘जवळपास’मध्ये आहे.

स्फटिक वाढवायला पोटॅशियम मॉलिब्डेट आणि मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड 1 : 3.3 या मोल प्रमाणात वितळवतात. साधारण 550 ते 575 अंश सेल्सिअसला प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडांतून काही मिलिअँपिअर प्रवाह सोडला की कॅथोडवर गडद निळे स्फटिक धरतात. प्रमाण किंवा तापमान चुकले तर लाल ब्रॉन्झ येते. ते अर्धवाहक असते, तिथे हे संक्रमण शोधण्यात अर्थ नाही.

रोधाच्या मोजमापाला, थंड करायला, द्रव नायट्रोजन पुरतो. स्फटिकाला तारांचे चार जोड द्यायचे: बाहेरच्या दोनांतून प्रवाह, आतल्या दोनांवर व्होल्टेज. बहुतेक मोजमापे फसतात ती जोडांपाशी. जोड नुसता वरच्या पृष्ठावर दिला तर प्रवाह वरच्या थरांतच राहतो आणि रोध चुकीचा येतो. म्हणून टोके पूर्ण झाकेल असा सोन्याचा किंवा इंडियमचा थर चढवावा. थंड करणे सावकाश. घाईने स्फटिकाला भेग गेली की रोध अचानक उडी मारतो. निव्वळ रोधाच्या आलेखावर संक्रमणाची जागा धूसर दिसते. रोधाच्या लॉगरिदमचा 1/तापमानाशी उतार काढावा, 180 जवळ शिखर स्पष्ट उठते.

आता ते ‘जवळपास’. जाळीशी लय न जुळल्याने लहरीला अडवून धरतात ते मुख्यतः दोष आणि अशुद्धी. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधक गटाने 1983 मध्ये दाखवले की ठरावीक उंबरठ्यापलीकडे विद्युतक्षेत्र गेले की अख्खी लहर सुटून सरकते आणि ओहमचा नियम मोडतो. इथे सावध राहावे. प्रवाहाने नमुना तापला तरी रोध उतरतो आणि आलेख तसाच वाकतो. सलग प्रवाहाऐवजी त्याचे छोटे स्पंद वापरून पाहावे. खरी खात्री गोंगाटातून मिळते: सरकत्या लहरीमुळे व्होल्टेजमध्ये ठरावीक वारंवारतेचा गोंगाट येतो आणि ती वारंवारता लहरीने वाहिलेल्या प्रवाहाच्या प्रमाणात वाढते. नुसत्या तापण्याने असे होत नाही.